फ्रेंच वाड्याच्या स्वस्ताईचा हिशेब

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बाजारगावातलं तीन मजली दगडी घर. भिंती अर्धा मीटर जाड, छताला ओकच्या तुळया, स्वयंपाकघर नवंकोरं, आठवडी बाजाराचा चौक दारापासून शंभर पावलांवर. किंमत एक लाख वीस हजार युरो. अशी जाहिरात नजरेस पडली की पुण्या-मुंबईचा वाचक आधी गुणाकार करतो आणि मग हळहळतो. सव्वा कोटीच्या आसपास! एवढ्यात कोथरूडला जेमतेम टू बीएचके येतो. इथून पुढचा युक्तिवाद आता चांगलाच रुळला आहे. फ्रेंचांना आपल्या जुन्या घरांची किंमत कळत नाही, ती बाहेरच्यांना कळते. इंग्रजांनी इतकी वर्षं हेच केलं, मग आपण का मागे राहायचं? घर दुरुस्त होऊन तयार आहे, तेव्हा डोक्याला ताप नाही. आणि वर ओस पडलेल्या गावात जीव आणल्याचं पुण्य.

यातलं एकही कलम तपासणीत टिकत नाही. पहिलं तर लगेच कोसळतं. फ्रेंचांना या घरांची किंमत उत्तम कळते, म्हणूनच ती इतकी कमी आहे.

आव्हेरों जिल्ह्यातलं व्हिलफ्रांश-द-रुएर्ग हे अशा गावांचं चांगलं उदाहरण. वस्ती सुमारे बारा हजार. १२५२ साली आल्फोन्स द प्वातिए या राजपुत्राने ते आखून वसवलं. सरळ रेषेत काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, मधोमध कमानींनी वेढलेला चौक आणि चौकाच्या एका अंगाला चर्चचा अवाढव्य मनोरा, ज्याच्या पोटातून रस्ताच जातो. अशा आखीव मध्ययुगीन गावांना ‘बास्तीद’ म्हणतात आणि नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ती शेकड्यांनी आहेत. गुरुवारी सकाळी इथे बाजार भरतो: चीज, बदकाचं मांस, भाज्या, रोपं, चाकूला धार लावणारा. जाहिरातीतला फोटो हमखास गुरुवारी सकाळी काढलेला असतो.

त्याच चौकात गुरुवारी दुपारी दोन वाजता जावं. विक्रेते व्हॅनमध्ये माल भरून केव्हाच निघून गेलेले असतात, कारण ते गावचे नसतात. आज इथे, उद्या पुढच्या गावी, परवा तिसऱ्या. नगरपालिकेची गाडी फरशी धुऊन जाते. मग आजूबाजूच्या गल्ल्यांतून हिंडताना मान वर करून पाहावं. तळमजल्यावर एखादं विम्याचं ऑफिस, एखादी फार्मसी, मध्येच ‘भाड्याने देणे आहे’चा उन्हाने पिवळा पडलेला कागद. आणि वरच्या मजल्यांवरची लाकडी झडपं बंद. सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या घराची असतात तशी ही बंद नसतात. यांच्या बिजागऱ्यांना गंज चढलेला असतो.

ही झडपं का बंद झाली, याचा परदेशी खरेदीदाराशी फारसा संबंध नाही. ही करणी फ्रेंचांचीच. १५ जून १९६३ रोजी पॅरिसच्या दक्षिणेला सेंत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा इथे कारफूरने आपलं पहिलं हायपरमार्केट उघडलं: अडीच हजार चौरस मीटरचं दुकान आणि बाहेर शेकडो गाड्यांचा वाहनतळ. किराणा, मांस, कपडे आणि पेट्रोल एका फेरीत मिळू लागलं. छोटे दुकानदार इतके हवालदिल झाले की १९७३ मध्ये मोठ्या दुकानांना आळा घालणारा रोयेर कायदा करावा लागला. कायदा झाला, पण परवानग्याही मिळत राहिल्या. पुढच्या तीन-चार दशकांत जवळजवळ प्रत्येक गावाच्या वेशीवर एक गोल चौक, त्याच्या भोवती पत्र्याच्या शेडसारखी दुकानं आणि त्यामागे बाग-गॅरेजवाल्या बैठ्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१० मध्ये ‘तेलेरामा’ या साप्ताहिकाने ‘फ्रान्स कुरूप कसा झाला’ अशी मुखपृष्ठकथाच छापली. पत्रकार ओलिव्हिए राझमों यांनी २०१६ मध्ये फ्रान्सने आपली गावं कशी मारली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारी तपासणी अधिकाऱ्यांच्या अहवालात आकडा आला: गावठाणातल्या रिकाम्या दुकानांचं सरासरी प्रमाण २००१ मध्ये ६.१ टक्के होतं, ते २०१५ मध्ये १०.४ टक्क्यांवर गेलं.

तरुण जोडप्याला गावठाणातलं दगडी घर नको असतं, आणि त्यांचंही चुकत नाही. गाडी लावायला जागा नाही, मुलांना अंगण नाही, घराला उजेड पुढूनच. जिना अरुंद आणि चक्राकार, त्यावरून फ्रीज चढवायचा म्हणजे युद्धप्रसंग. शिवाय एक कमी बोलली जाणारी अडचण आहे. या घरांच्या तळमजल्यावर पूर्वीपासून दुकान आणि वर बिऱ्हाड. वर जायला बाजूला चिंचोळी वाट आणि जिना असायचा. विसाव्या शतकात दुकानदारांनी काच रुंद करण्यासाठी ती वाटच दुकानात घेतली. आता वर जायचं तर दुकानातून जावं लागतं. दुकान बंद पडलं की वरचे दोन मजलेही बाद. भाड्याने देता येत नाहीत, वेगळे विकता येत नाहीत.

त्यात वारसांचा घोळ. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेपासून फ्रान्समध्ये मुलांना वारशातून बेदखल करता येत नाही. आजही एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. आई गेली की घर सामाईक होतं. एक भाऊ ल्यों शहरात, दुसरा मार्तिनिक बेटावर, बहिणीला विकायचं नाही. पुण्याच्या पेठांतला वाडा सह्या न जुळल्याने कसा पडत जातो हे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. देशभरात आज तीस लाखांच्या वर घरं रिकामी आहेत, एकूण घरांच्या सुमारे आठ टक्के. त्यातली बरीच अशा गावठाणांत आहेत.

म्हणजे स्वस्ताई ही कुणाच्या नजरेतून सुटलेली संधी नव्हे. गावाने आपल्या मध्यवस्तीला साठ वर्षं जो नकार दिला, त्या नकाराची ती किंमत आहे.

‘पण हे घर दुरुस्त झालेलं आहे,’ असं इथे कुणी म्हणेल. त्या शब्दाखाली काय काय खपतं, ते पाहण्यासारखं आहे. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो असतो तो दिवाणखान्यातल्या उघड्या दगडी भिंतीचा. चुन्याचा गिलावा खरवडून दगड मोकळे केलेले, दरजा भरलेल्या, वरून तिरपा दिवा सोडलेला. खाली ओळ: मूळ बाज जपलेला. वास्तविक हा बाज मूळचा नाहीच. जुन्या गवंड्यांनी घडीव दगड वापरला तो कोपऱ्यांना, दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीला. मधली भिंत ओबडधोबड दगड आणि माती-चुन्यात रचलेली, आणि तिच्यावर गिलावा चढणार हे गृहीत धरूनच रचलेली. १९७०-८० च्या सुमारास शहरी हौशी मंडळींना दगड दिसायला हवा झाला आणि छिन्नी-हातोडे घेऊन लोक भिंतींवर तुटून पडले. गिलावा गेला की भिंतीतून वारा येतो, मातीची भुकटी झडत राहते आणि हिवाळ्यात दगड खोलीची ऊब शोषून घेतो. संरक्षित भागातले सरकारी वास्तुविशारद आता कित्येक ठिकाणी बाहेरचा गिलावा पुन्हा चढवायला लावतात. तेरावं शतक म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा १९८० च्या दशकातलं असतं.

सिमेंटचं प्रकरण याहून वाईट. या घरांना पायाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. शेकडो वर्षं हा व्यवहार सुरळीत चालला. मग कुणीतरी भिंत ‘पक्की’ करायची म्हणून बाहेरून सिमेंट थापलं, आतून जिप्समचे तक्ते आणि काचलोकर लावली. पाण्याची वाट बंद झाली तसं ते आणखी वर चढलं. भिंतीला लोणा लागला, पण तक्त्याआड असल्याने तो दिसत नाही. दिसत नाही तोवर तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजत राहतात. ताज्या रंगाच्या वासाने भारलेल्या खोलीत उभ्या ग्राहकाला यातलं काय कळणार? जमिनीपासून फूटभर वरपर्यंतच नवा रंग मारलेला असेल, तर मात्र त्याने थबकावं.

फ्रेंच कायदा ग्राहकाला वाऱ्यावर सोडत नाही, हे मान्य करायला हवं. विकणाऱ्याला तपासण्यांची जाडजूड फाइल द्यावी लागते: १९४९ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग, १९९७ पूर्वीच्या बांधकामात अॅस्बेस्टॉस, वाळवीच्या पट्ट्यात वाळवी, पंधरा वर्षांहून जुनी वीज आणि गॅसची जोडणी. ऊर्जेचा दर्जा ‘ए’ ते ‘जी’ अशा सात पायऱ्यांत जाहिरातीतच छापावा लागतो, आणि १ जुलै २०२१ पासून तो चुकीचा निघाला तर विकणाऱ्याला जाब विचारता येतो. तळातल्या दोन दर्जांचं एकट्या मालकाचं घर विकायचं तर एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र ऊर्जा-लेखापरीक्षणही सक्तीचं आहे. साठेखत झाल्यावर खरेदीदाराला दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. हे सगळं चांगलंच आहे. पण तपासनीस तक्ता उकलून मागची भिंत पाहत नाही. भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक त्याला दिसत नाही. वाळवी दिसली तर लिहितो. साधी ओल लिहिणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

खरा आधार वेगळ्या कागदात आहे. मोठ्या बांधकामावर कंत्राटदाराची दहा वर्षांची हमी असते, १९७८ च्या स्पिनेता कायद्याने विम्यासकट सक्तीची केलेली. दुरुस्ती नोंदणीकृत कंत्राटदाराने केली असेल तर त्याची बिलं आणि विम्याचा दाखला निघतो. मालकाने शनिवार-रविवारी मेहुण्याला हाताशी धरून केली असेल तर कायद्याच्या लेखी दहा वर्षं मालकच बांधकाम करणारा ठरतो, पण त्याच्या पाठीशी विमा नसतो. तुळई बसली तर त्या जुन्या मालकावर दावा लावायचा, तोही परक्या भाषेत. हौसेने सजवलेल्या घरांपैकी कितींची बिलं निघतात, हा एजंटला विचारायचा पहिला प्रश्न.

आता ओस गावात जीव आणण्याच्या पुण्याची गोष्ट. बाहेरचा माणूस पैसा आणतो, पडकं घर उभं राहतं, गावाला जीव येतो. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो नीट सोडवायला हवा. दोर्दोन्य जिल्ह्यातलं एमे हे गाव पाहावं. १२७० ची बास्तीद, वस्ती अडीच हजारांच्या आसपास, आणि इंग्रजांची संख्या इतकी की गावात क्रिकेट क्लब आहे. बर्जराकच्या विमानतळावर स्वस्त विमानं उतरू लागली तशी ही वस्ती वाढली. त्यांच्यातले अनेक जण तिथे बारमाही राहिले. त्यांनी दुकानं चालवली, मुलं गावच्या शाळेत घातली. एमेच्या चौकात हिवाळ्यातही कॉफी मिळते ती या लोकांमुळेही. परक्यांनी गाव बिघडवलं असा सूर लावणाऱ्यांना एमे हे सणसणीत उत्तर आहे.

मात्र हे उत्तर तिथे राहणाऱ्यांचं आहे, नुसतं घर राखणाऱ्यांचं नाही. फ्रान्समधली बहुसंख्य दुसरी घरं खुद्द फ्रेंचांच्याच मालकीची आहेत, आणि पॅरिसच्या वकिलाचं घर नोव्हेंबरात बंद असलं काय किंवा लीड्सच्या शिक्षकाचं, बेकरीवाल्याला फरक शून्य. पाव रोज खपावा लागतो. शाळेचा वर्ग मुलांच्या पटावर टिकतो. डॉक्टर निवृत्त झाला की नवा येतो तो रोजच्या रुग्णांसाठी, ऑगस्टमधल्या पाहुण्यांसाठी नव्हे. सरकारलाही हे उमगलेलं आहे. मुख्य घरावरचा निवास-कर २०२३ पर्यंत पूर्ण उठवला गेला, दुसऱ्या घरावर तो कायम ठेवला. २०१८ मध्ये २२२ मध्यम शहरांच्या गावठाणांसाठी पाच वर्षांत पाच अब्ज युरोंची योजना आखली गेली, २०२० मध्ये सुमारे सोळाशे लहान गावांसाठी दुसरी. दोन्हींत घरांइतकाच भर दुकानं, सेवा आणि रोजच्या राबत्यावर आहे.

उत्तरेतल्या रूबे या जुन्या कापडगिरण्यांच्या शहराने २०१८ मध्ये सतरा पडकी घरं प्रत्येकी एक युरोला काढली. वर्तमानपत्रांनी एक युरो मथळ्यात घेतला. अट मात्र मजकुरात राहिली: घेणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्ती करायची आणि सहा वर्षं तेच आपलं मुख्य घर म्हणून तिथे राहायचं. नगरपालिकेला पैसे नको होते, शेजारी हवा होता. सव्वा कोटी मोजून वर्षातले सहा आठवडे येणारा खरेदीदार या हिशेबात कुठेच बसत नाही.

इंग्रज लेखक पीटर मेल यांच्या १९८९ च्या ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ने इंग्रजांना फ्रेंच घरांचं वेड लावलं असं म्हणतात. गंमत अशी की त्या पुस्तकाचा बराच भाग दुरुस्ती अर्धवट टाकून गायब होणाऱ्या कारागिरांची वाट पाहण्यात जातो. वाचकांच्या लक्षात राहिली ती जेवणं. पुढे दारात येऊन उभ्या राहणाऱ्या चाहत्यांना कंटाळून खुद्द मेल काही वर्षं देश सोडून गेले, ते परतले दुसऱ्याच गावात.

मराठी खरेदीदाराला तर बारमाही राहणं हा पर्याय सहजी मिळत नाही. फ्रान्समध्ये घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. साध्या शेंगेन व्हिसावर दर १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा, संपलं. जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा अभ्यागत व्हिसा, उत्पन्नाचे आणि आरोग्य विम्याचे पुरावे, आणि तिथे काम करणार नाही अशी हमी. ब्रेक्झिटनंतर इंग्रज घरमालकही याच रांगेत आले. त्यांच्यासाठी आपोआप दीर्घ व्हिसा देणारी तरतूद फ्रेंच संसदेने एका कायद्यात घातली होती. जानेवारी २०२४ मध्ये घटनात्मक परिषदेने ती काढून टाकली. ज्यांची लाखभर माणसं तिथे राहतात त्यांना जे मिळालं नाही, ते ठाणे-डोंबिवलीच्या अर्जदाराला मिळेल असं कुणी सांगत असेल, तर तो घर विकत असणार.

पैशाची बाजूही तेवढी सोपी नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, त्यात घर बसतं. पण त्यासाठी इथल्या बँकेचं कर्ज चालत नाही, रक्कम स्वतःची लागते. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या अशा रकमेवर बँक वीस टक्के कर आधी कापून घेते. तो नंतर वळता होतो, पण तोवर अडकतो. फ्रान्समध्ये नोंदणीचा खर्च किमतीच्या सात-आठ टक्के. मग घरपट्टी, दुसऱ्या घराचा निवास-कर, विमा, बंद घरात पाइप गोठू नयेत म्हणून हिवाळ्यातली हीटिंग, किल्ली सांभाळणाऱ्याचं मानधन. इकडे प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्ता दरवर्षी दाखवायची. विसरलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. विकायची वेळ आली तर युरोपबाहेर राहणाऱ्याला नफ्यावर १९ टक्के कर आणि १७.२ टक्के सामाजिक वर्गणी. दोन्ही पूर्ण सुटायला तीस वर्षं मालकी लागते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आपण नसू तेव्हा पर्यटकांना देऊ. पण उघड्या दगडी भिंतीचं हे घर ऊर्जेच्या परीक्षेत सहसा खालच्या रांगेत बसतं. सर्वात खालच्या दर्जाचं घर १ जानेवारी २०२५ पासून भाडेकरूला नव्याने देता येत नाही. वरचा दर्जा २०२८ मध्ये आणि त्याच्या वरचा २०३४ मध्ये याच यादीत जाईल. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांनाही नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने २०३४ पासून पहिल्या चार दर्जांत बसणं सक्तीचं केलं आहे. दर्जा सुधारायचा तर आतून चुना-भांगाच्या किंवा तत्सम श्वास घेणाऱ्या थराने भिंत झाकावी लागेल. म्हणजे ज्या दगडावर भाळून घर घेतलं, तोच पुन्हा गिलाव्याआड जाणार.

हे सगळं जाणून ज्याला तिथे खरोखर राहायचं आहे, भाषा शिकायची आहे, तळमजल्यावर दुकान नाहीतर कार्यशाळा चालवायची आहे, त्याच्यासाठी व्हिलफ्रांशसारख्या गावातलं घर उत्तमच. त्याने फेब्रुवारीतल्या मंगळवारी गाव पाहावं, संध्याकाळी सातला गल्लीतल्या किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजावं, आणि मग एजंटकडे कंत्राटदाराची बिलं, दहा वर्षांच्या हमीचा दाखला आणि गेल्या तीन हिवाळ्यांची वीज-गॅसची बिलं मागावीत. अशी घरं महिनोन्महिने बाजारात पडून असतात. कागद नसतील तर विकणारा किमतीत खाली येतो.